तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी कुठे जात होती?

गाडी चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांच्या थोडे वर आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत आधी एक हिसका बसत असे, त्यामागून बारीक गचके येत आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागे. पाय थोडा सैल केला की इंजिन पुन्हा सुरळीत चाले. उभ्या गाडीत आयडलिंगला कान लावून ऐकले तरी काही वेगळे जाणवत नव्हते. इंजिन थंड असताना नाही, गरम असताना नाही, आणि उच्च फेऱ्यांवर हलक्या पायाने चालवतानाही नाही. तक्रार फक्त कमी फेरे आणि जड भार एकत्र आले की उठत होती. लक्षणाचा हा आकार मी सर्वांत आधी वहीत लिहून ठेवला आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच नोंदीकडे परतलो, कारण मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटणे, ‘कधी होतो’ याच्याइतकेच ‘कधी होत नाही’ हेही पुरावा म्हणून मोलाचे असते.

गाडी दोन आसनांची आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, सरळ रांगेतले सहा सिलिंडर, तीन लिटर क्षमता, टर्बो नाही आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी स्वतंत्र कॉइल. अशा इंजिनाचा मुख्य गुण त्याचा समतोल असतो. क्रँकशाफ्टच्या दर १२० अंशांना एक सिलिंडर पेटतो आणि १-५-३-६-२-४ या क्रमाने ते एकमेकांचा जोर पुढे नेतात. त्यामुळे सहापैकी एकाने जरी क्षणभर काम सोडले तरी आसनातून ते कळते.

दिवा स्थिर पेटलेला असणे आणि लुकलुकणे यांत मोठा फरक आहे. स्थिर दिवा सांगतो की बिघाडाची नोंद झाली आहे, सवडीने पाहावे. लुकलुकणारा दिवा सांगतो की या घडीला होणारा मिसफायर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे एक्झॉस्टमधले घातक वायू कमी करणाऱ्या भागाला, इजा करू शकतो. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन एकत्रच पुढे जातात, कन्व्हर्टरमध्ये पोहोचून तिथे जळतात, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. म्हणूनच तक्रार पुन्हा पुन्हा घडवून पाहण्याचा मोह मी टाळला. एकदा नोंद मिळवण्यापुरता भार द्यायचा आणि दिवा लुकलुकताच पाय उचलायचा, असा नियम केला. माझ्या गाडीचा संगणक मिसफायर फार वाढला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, स्वतःहून बंद करतो आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत गाडी पाच सिलिंडरवर चालते. हे संरक्षण आहे, पण ज्याला ते ठाऊक नाही त्याला नेमका इंजेक्टरच गेला आहे असे वाटू शकते.

स्कॅनर जोडल्यावर दोन कोड मिळाले: पी०३००, म्हणजे अनिश्चित किंवा एकाहून अधिक सिलिंडरांतला मिसफायर, आणि पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना ओबीडी-२ ही बिघाड स्वतःच ओळखून नोंदवण्याची प्रमाण पद्धत बंधनकारक झाल्याने हे कोड बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत सारखेच असतात, आणि साधा स्कॅनरही ते वाचू शकतो. अनेक जण कोड वाचून थांबतात. खरी माहिती मात्र त्याला जोडलेल्या ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये असते, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन कोणत्या स्थितीत होते त्याच्या टिपणात. माझ्याकडे ते असे होते: फेरे २६४०, भार ८६ टक्के, कूलंटचे तापमान ९१ अंश सेल्सिअस. वहीतले निरीक्षण आणि संगणकाची नोंद जुळत होती. थंड इंजिनाशी निगडित कारणे इथेच बरीच मागे पडली.

संगणकाला मिसफायर कळतो कसा, हे समजून घेतल्याने त्याच्या सांगण्यावर किती विसंबावे हे ठरवता येते. ठिणगी पडली की नाही हे तो बहुतेक गाड्यांत थेट पाहत नाही. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकावर ६० दात्यांची जागा असते, त्यांतले दोन मुद्दाम वगळलेले असतात, आणि एक सेन्सर प्रत्येक दाता जायला लागलेला वेळ मोजतो. २६४० फेऱ्यांना १२० अंश फिरायला सुमारे ७.६ मिलिसेकंद लागतात. एखाद्या सिलिंडरने जोर दिला नाही की त्याच्या वाट्याचा तुकडा किंचित लांबतो, आणि तेवढ्यावरून तो सिलिंडर ओळखला जातो. याचा अर्थ असा की संगणक कारण सांगत नाही. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आले नाही किंवा दाब तयार झाला नाही, या तिन्ही गोष्टी त्याला सारख्याच दिसतात. पी०३०३ वाचून थेट तिसरी कॉइल विकत घेणे म्हणजे तीन शक्यतांपैकी एक पैजेवर लावणे होय. मला ते करायचे नव्हते. सुटे भाग बदलून बदलून दोष घालवण्यापेक्षा प्रत्येक चाचणीने काही शक्यता कायमच्या बाद व्हाव्यात, अशी माझी अट होती.

पाना हातात घेण्याआधी मी फ्युएल ट्रिमचे आकडे पाहिले. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते हे आकडे. माझ्या इंजिनात १ ते ३ सिलिंडरांचा एक गट आणि ४ ते ६ चा दुसरा, आणि दोहोंना वेगळे सेन्सर आहेत. आयडलिंगला दोन्ही गट शून्याच्या आसपास होते. मध्यम भाराखाली मात्र पहिला गट अधिक ७ टक्क्यांवर जात होता आणि दुसरा अधिक १ वरच राहत होता. वरवर पाहता पहिल्या गटात पेट्रोल कमी पडते आहे असा याचा अर्थ लावता येतो, आणि इथे फसगत होण्यास भरपूर वाव आहे. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. जो सिलिंडर पेटला नाही त्याने आपला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर टाकलेला असतो, म्हणून मिश्रण योग्य असूनही ते विरळ भासते. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगमधून हवा चोरून आत येत असती तर हा आकडा आयडलिंगला सर्वांत मोठा असता आणि फेरे वाढताना घटत गेला असता, कारण आयडलिंगला एकूण हवा थोडी असते आणि निर्वात जास्त. इंधनाचा पंप कमजोर असता तर दोन्ही गट एकत्र वर गेले असते. माझ्याकडे यांपैकी काहीही नव्हते. संशय प्रज्वलनाकडे झुकला, आणि तोवर बोनेटही उघडले नव्हते.

त्यानंतर कॉइलची अदलाबदल. ही चाचणी सोपी आहे: संशयित सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवायची, दुसऱ्याची इकडे आणायची, आणि दोष कॉइलबरोबर जातो की जागीच राहतो ते पाहायचे. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, किल्ली काढून ठेवली आणि तिसरी कॉइल उपसली. चालू इंजिनात एकेक कॉइल काढून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही. कॉइलमध्ये तीस हजार व्होल्टहून जास्त दाब तयार होऊ शकतो, शिवाय न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरकडे जाते ते वेगळेच. कॉइल बाहेर येताना तिच्या रबरी टोपीच्या टोकाला इंजिन ऑइल लागलेले दिसले. बाहेरून पुसून घेतले, नोंद केली, आणि तिसरी कॉइल पाचव्यावर, पाचवी तिसऱ्यावर बसवून कोड पुसले.

निकाल मात्र अपेक्षेत न बसणारा होता. त्याच रस्त्यावर, त्याच भाराखाली पी०३०३ पुन्हा आला आणि सोबत पी०३०५ ही आला. कॉइल सदोष असती तर दोष पूर्णपणे पाचव्याकडे जायला हवा होता, आणि कॉइल निर्दोष असती तर तो तिसऱ्यातच थांबायला हवा होता. इथे तो दोन्हीकडे होता. थेट आकड्यांत आणखी एक बारकावा दिसला: तिसऱ्याचे मिसफायर पूर्वीपेक्षा कमी झाले होते, पण शून्य झाले नव्हते. कॉइल आणि दुसरे काहीतरी, असे दोन स्वतंत्र बिघाड एकाच सिलिंडरवर एकाच वेळी यावेत हे मला पटत नव्हते. एकच कारण असावे आणि त्याने दोन्ही भागांवर आपली खूण ठेवली असावी, असे मानून मी प्लग काढण्याचे ठरवले.

तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची विहीर, म्हणजे ज्या खोल नळीच्या तळाशी प्लग असतो ती जागा, तळाशी ऑइलने भरलेली होती. प्लग सैल करण्याआधी हे ऑइल काढून घेणे आवश्यक असते, नाहीतर प्लग निघताच ते सरळ सिलिंडरमध्ये ओघळते. लांब नळी लावलेल्या सिरिंजने ते उपसले, उरलेले कापडाने टिपले, आणि मग प्लग बाहेर घेतला. त्याच्या पांढऱ्या सिरॅमिकवर वरच्या धातूच्या टोकापासून खालच्या षटकोनापर्यंत केसासारखी बारीक, काळी, उभी रेघ होती. नखाने ती निघत नव्हती. यालाच कार्बन ट्रॅक म्हणतात: ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता सिरॅमिकच्या बाहेरून सरपटत धातूच्या अंगाला भिडली आणि जाताना आपली वाट जाळून ठेवून गेली.

या खुणेचा आणखी एका खुणेशी घोटाळा होऊ शकतो. बऱ्याच वापरलेल्या प्लगांवर सिरॅमिक जिथे धातूत शिरते तिथे फिकट तपकिरी कडे दिसते. उच्च दाबाच्या विद्युत क्षेत्रामुळे भोवतालच्या तेलकट कणांचा तिथे थर बसतो, त्याला करोना डाग म्हणतात, आणि तो निरुपद्रवी असतो. माझ्या पहिल्या आणि सहाव्या प्लगवर तो होता, आणि ते दोन्ही सिलिंडर नीट चालत होते. कडे असेल तर काळजी नसते. उभी रेघ असेल तर प्लग बाद करावा.

आता पाचव्यावर नेलेल्या कॉइलची टोपी काढून धारदार पातीने उभी चिरली. आतल्या भिंतीवर तशीच काळी रेघ होती, प्लगवरच्या रेघेला जोड असावी अशी. दोन्ही कोडांचा उलगडा तिथे झाला. तिसऱ्यात जळलेल्या रेघेचा प्लग राहिला होता आणि त्यावर चांगली टोपी बसली होती. पाचव्यात चांगला प्लग होता आणि त्यावर जळलेली टोपी बसली होती. ठिणगीला बाहेरून पळायला प्लगवरची किंवा टोपीतली, कोणतीही एक वाट पुरते, म्हणून दोन्ही सिलिंडर चुकत होते. फक्त प्लग बदलला असता तर जुन्या टोपीने नव्या प्लगवर पुन्हा रेघ पाडली असती, आणि फक्त टोपी बदलली असती तर जुन्या प्लगने नवी टोपी जाळली असती. नवा भाग टाकूनही मिसफायर काही दिवसांनी परत येतो अशा कितीतरी तक्रारींमागे हेच असू शकते, असे मला वाटते.

उरला प्रश्न भाराचा. आयडलिंगला हीच जळलेली वाट उपलब्ध असताना ठिणगी तिकडे का जात नव्हती? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले की वायूतून ठिणगी पाडायला लागणारे व्होल्टेज हे वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी असते, त्यामुळे ठिणगीच्या क्षणी दाबही कमी असतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी सहज पडते. कमी फेऱ्यांवर थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर हवेने गच्च भरतो, दाब कितीतरी पटींनी वाढतो, आणि तीच फट ओलांडायला फार जास्त व्होल्टेज लागते. विहिरीतल्या बाहेरच्या वाटेवर मात्र दाब वातावरणाचाच असतो. ती वाट ओलांडण्याची किंमत भाराने वाढत नाही. जोवर आतली वाट स्वस्त तोवर ठिणगी आत पडते, आणि ज्या क्षणी ती महाग होते त्या क्षणी ठिणगी बाहेर जाते. माझ्या प्लगांची फटही झिजून ०.७५ मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरच्या जवळ गेली होती, म्हणजे गुणाकारातली दुसरी संख्याही वाढलेली. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेली सगळी लक्षणे, अगदी उच्च फेऱ्यांवर हलक्या पायाने तक्रार नसण्यासह, या एका स्पष्टीकरणात बसत होती. एवढा स्वच्छ मेळ बसल्याचे समाधान मला नवा भाग बसवून गाडी चालू झाल्याच्या समाधानापेक्षा मोठे वाटते.

तरीही सहाही प्लग बाहेर आलेच होते, म्हणून उरलेल्या दोन शक्यता तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवले. इंधन पंपाचा फ्यूज काढला, कॉइलचे सगळे जोड सोडवले, बॅटरीला चार्जर लावला आणि थ्रॉटल उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. सगळे आकडे १२.६ ते १३.१ बारच्या दरम्यान आले आणि तिसरा १२.९ होता. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांतले अंतर दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी झडपा आणि रिंगांकडे वळत नाही. इंजेक्टरांचा रोध मल्टिमीटरने १३.६ ते १३.९ ओहम भरला. सहाही जवळजवळ सारखे होते. रोध बरोबर असला म्हणजे फवारा बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, पण प्रज्वलनाच्या बाजूने इतका पुरावा असताना इंधनाची नळी खोलून पेट्रोलची वाफ घरच्या शेडमध्ये सोडण्याचे कारण उरले नाही.

ऑइल विहिरीत आले कुठून, याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवे प्लग बसवण्यात अर्थ नव्हता. ऑइल स्वतः विजेचे वाहक नाही. ते सिलिकॉन रबराची टोपी फुगवते आणि मऊ करते, तिची सिरॅमिकवरची पकड सुटते, त्या फटीत काजळी आणि धूळ साचते, आणि मग ठिणगीला वाट मिळते. माझ्या इंजिनात टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेच्या पॅकिंगशिवाय प्रत्येक विहिरीभोवती वेगळे गोल पॅकिंग असते. कव्हर उचलले तेव्हा तिसऱ्या विहिरीचे पॅकिंग प्लॅस्टिकसारखे कडक आणि चपटे झालेले होते, आणि चौथ्याचेही त्याच मार्गाला लागले होते. सगळी पॅकिंगे एकदम बदलली. कव्हरचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करत, सांगितलेल्या टॉर्कलाच आवळले. ऑइल झिरपते म्हणून हे बोल्ट जास्त आवळले तर कव्हर वाकते आणि गळती वाढतेच.

क्रँककेसच्या वायुवीजनाची झडपही याच वेळी तपासली. ती तुंबली तर इंजिनाच्या आत दाब साचतो आणि चांगले पॅकिंगही ऑइल बाहेर ढकलू लागते. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल केले तर हलकी ओढ जाणवायला हवी. ती जाणवली, फुंकर बाहेर आली नाही. नवे पॅकिंग टिकेल की नाही हे ठरवणारी ही साधी तपासणी कव्हर बसवण्याच्या घाईत सहज वगळली जाते.

प्लग सहाही नवे घेतले. प्रत्येकाची फट फीलर गेजने मोजून पाहिली, हातानेच आटे धरवले आणि टॉर्क पान्याने २५ न्यूटन-मीटरला आवळले. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे तिरके धरले गेले तर त्याची किंमत या संपूर्ण दुरुस्तीहून मोठी असते, म्हणून सुरुवातीचे फेरे पाना न लावता, एक्स्टेन्शन नुसत्या बोटांनी फिरवून घ्यावेत. आट्यांना ग्रीस किंवा अन्य वंगण लावले नाही, कारण घर्षण कमी झाले की तोच टॉर्क प्रत्यक्षात प्लगला जास्त ताणतो. कॉइल सगळ्या तपासून ठेवल्या, टोप्या मात्र सहाही बदलल्या. त्यांच्या आतल्या तोंडाला सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ लावले.

कोड पुसल्यावर लगेच निष्कर्ष काढता येत नाही. दातेरी चाकातले सूक्ष्म फरक संगणकाला नव्याने शिकावे लागू शकतात, आणि खडबडीत रस्त्यावर चाकांचे धक्के क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचत असल्याने काही गाड्या तिथे मिसफायरची मोजणीच थांबवतात. म्हणून गुळगुळीत रस्ता निवडला, इंजिन ९० अंशांपर्यंत तापू दिले, आणि चौथ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी वर नेली. फ्रीझ फ्रेममधली स्थिती मुद्दाम पुन्हा उभी केली. एकही गचका आला नाही. घरी आल्यावर स्कॅनरच्या मोड ६ मध्ये प्रत्येक सिलिंडरची मिसफायर मोजणी वाचली. हा विभाग कोड उमटण्याच्या पातळीखालचेही मिसफायर दाखवतो. सहाही रकाने शून्य होते. दोन्ही गटांचे फ्युएल ट्रिम भाराखालीही एकमेकांपासून एका टक्क्याच्या आत आले. कन्व्हर्टरमागच्या ऑक्सिजन सेन्सरची रेषाही दोन्ही बाजूंना सपाट आणि स्थिर होती, म्हणजे जाळीने ऑक्सिजन धरून ठेवण्याची आपली क्षमता गमावलेली नव्हती.

त्यानंतर ऑइल बदलताना मी तिसरी आणि चौथी कॉइल उपसून विहिरीत टॉर्च मारून पाहतो. दोन्ही विहिरी अजून कोरड्या आहेत.